वानखेडेवर मीही ओरडलो होतो, आता पोरासाठी तक्रार कुठल्या तोंडाने करू?

वाचकाचा प्रश्न: मूळचे मुंबईचे, गेली ९ वर्षं मेलबर्नला असलेले एक बाबा लिहितात. मुलगा १४ वर्षांचा, तिथल्या क्लबच्या ज्युनियर टीममध्ये लेगस्पिन टाकतो. दोन शनिवारांपूर्वीच्या मॅचमध्ये समोरची पोरं आधी 'तुझा बॉल वळतच नाही' वगैरे चिडवत होती, मग याला विकेटी मिळायला लागल्या तसं 'करीचा वास येतोय', 'तुझा बाप डिलिव्हरी करतो ना' आणि शेवटी 'परत जा तुझ्या देशात' इथपर्यंत गेली. अंपायर म्हणून त्याच टीममधल्या एका मुलाचे वडील उभे होते, ते नुसते हसले. आई म्हणते लेखी तक्रार करा. कोच म्हणतो एवढं चालतंच, कातडी जाड हवी. मुलगा म्हणतो बाबा प्लीज सीन करू नका. बाबांना वाटतंय सरळ टीममधून काढून घ्यावं. पण खरी अडचण पत्राच्या शेवटी आहे. ऑक्टोबर २००७ मध्ये हे बाबा स्वतः वानखेडेवर होते, आणि ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सला बघून स्टँडमधल्या पोरांनी माकडाचे आवाज काढले तेव्हा यांनीही काढले. 'बायकोलाही कधी बोललो नाही. आता मी तक्रार केली तर ढोंगीपणाच ना? की प्रामाणिकपणा म्हणून क्लबला लिहिताना २००७चा उल्लेख करू? आणि तसंही गोऱ्यांकडून दुसरी अपेक्षा काय करायची, स्लेजिंग, म्हणजे मैदानावर समोरच्याला बोलून डिवचणं, त्यांनीच आणलंय. आमची पोरंही मराठी-हिंदीत काय काय बोलून घेतात, एका श्रीलंकन पोराला काळ्या म्हणतात, पण समोरच्यांना कळत नाही त्यामुळे प्रॉब्लेम येत नाही.'

उत्तर:

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वानखेडेपाशी अडकले, दुसऱ्यांदा त्या अगदी शेवटच्या वाक्यापाशी, जे तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय. त्याच्याकडे येतेच, पण आधी तुमचा मुख्य प्रश्न.

तक्रार करायचा हक्क तुम्हाला आहे का? अहो, हक्क तुमचा नाहीच मुळी, पोराचा आहे. २००७ला तो जन्मालाही आला नव्हता. तुमच्या खात्यावरची उधारी त्याच्या खात्यातून का वळती करताय? तुम्ही तेव्हा आवाज काढले म्हणून आज त्याने 'परत जा' ऐकून घ्यायचं, हा कुठला हिशोब झाला. ढोंगीपणा तेव्हा झाला असता जेव्हा तुम्ही छाती फुगवून म्हणाला असता की आमच्याकडे असलं काही होत नाही. ते तुम्ही म्हणत नाही आहात, उलट १८ वर्षांनी कुणाला तरी सांगताय, आणि मला वाटतं हे पत्र तुम्ही त्यासाठीच लिहिलंय, तक्रार हे निमित्त.

मग २००७बद्दलच आधी बोलू. ती सिरीज मला चांगली आठवते. आधी वडोदऱ्याला सायमंड्सला असे आवाज ऐकू आले, मग नागपूरला, मग १७ ऑक्टोबरला वानखेडेवर. वानखेडेवर तर फोटोग्राफरने काखा खाजवणारी पोरं टिपली आणि पोलिसांनी काही जणांना ताब्यात घेतलं. मुरली कार्तिकने ६ विकेट काढून ती मॅच जिंकून दिली होती, पण आज त्या मॅचचं नाव काढलं की तो फोटोच आठवतो. तेव्हा आपल्याकडे लोक काय म्हणत होते तेही आठवतंय, की माकड म्हणजे आपला मारुतीराया, त्यात अपमान कसला. मला तेव्हाही हसू आलं नव्हतं. मारुतीरायाला कुणी काखा खाजवून नमस्कार करत नाही.

सायमंड्स बर्मिंगहॅमला जन्मलेला, दत्तक गेलेला, क्वीन्सलँडमध्ये वाढलेला, कॅरिबियन रक्ताचा माणूस. तुम्हाला त्याच्याबद्दल काय राग होता? काहीच नसणार. तो आपल्याला धुवायचा म्हणून राग, एवढंच. रिकी पाँटिंग पण धुवायचा, पण पाँटिंगला बघून कुणी माकडाचे आवाज काढले नाहीत, बरोबर? बस, इथेच सगळं आलं, याच्यावर मी अजून काय समजावणार. ती गंमत होती, मॅचचा माहोल होता, सगळेच करत होते, हे सगळं खरं असेल. तुमच्या पोराला बोलणारी ती पोरं पण घरी जाऊन हेच सांगतील.

आणि त्याच्या पुढचं तर तुम्हाला माहितीच आहे. जानेवारी २००८, सिडनी टेस्ट, हरभजन आणि सायमंड्सची जुंपली. मॅच रेफरी माइक प्रॉक्टरने हरभजनला ३ टेस्टची बंदी घातली, अपील झालं, अॅडलेडला न्यायमूर्ती हॅन्सनसमोर सुनावणी झाली आणि वंशद्वेषाचा आरोप सिद्ध झाला नाही, शिवीगाळीबद्दल अर्धी मॅच फी कापली. सिद्ध झाला नाही हे पण नीट लक्षात ठेवलं पाहिजे, उगाच हरभजनला आरोपी करून बोलण्यात अर्थ नाही. शिवाय त्या दिवशी तोंड आधी सायमंड्सनेच उघडलं होतं. पण बचाव काय होता आठवतंय? तो 'मंकी' म्हणाला नाही, 'तेरी माँ की' म्हणाला. अख्ख्या देशाला हायसं वाटलं. मला एकटीलाच वाटलं असेल बहुतेक की अरे, आईवरून शिवी दिली हे आपण सुटकेच्या आनंदात पेपरात छापतोय.

सायमंड्सने पुढे स्वतः सांगितलं की त्या प्रकरणानंतर त्याचं पिणं वाढलं, घसरण सुरू झाली. २००९ला बोर्डाचा करार गेला. २०११ला तो आणि हरभजन मुंबई इंडियन्सच्या एकाच ड्रेसिंग रूममध्ये बसले, चांगलं जमलं म्हणतात. मे २०२२ मध्ये टाउन्सव्हिलजवळ गाडीच्या अपघातात गेला, ४६ वर्षांचा होता. म्हणजे त्याची माफी मागायची सोय तुम्हाला आता नाही. हे बोचेल, पण तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय.

आता तुमच्या कोचचं 'एवढं चालतंच'. यात थोडं तथ्य आहे, आणि ते आईलाही पटवावं लागेल. 'तुझा बॉल वळत नाही' ही तक्रार करायची गोष्ट नाही, त्याला उत्तर बॉल वळवून द्यायचं, आणि तुमच्या पोराने ते दिलंच की. ऑस्ट्रेलियाचा तेव्हाचा कॅप्टन टिम पेन ऋषभ पंतला 'माझी पोरं सांभाळायला येतोस का' म्हणाला, पंतने त्याला 'टेम्पररी कॅप्टन' म्हटलं, मग पंत खरोखर पेनच्या बाळाला कडेवर घेऊन फोटोला उभा राहिला. हे स्लेजिंग मला आवडतं. २००७ला इंग्लंडमध्ये ट्रेंट ब्रिजवर आपला श्रीरामपूरचा झहीर बॅटिंगला आला तर क्रीजवर जेली बीन्सच्या गोळ्या टाकलेल्या, तो असा भडकला की बॅट उगारून इंग्लंडच्या पीटरसनकडे गेला, आणि मग दुसऱ्या इनिंगमध्ये ५ विकेट काढून मॅचच संपवली. पोरकटपणा होता, पण तो रागावू शकला आणि राग बॉलिंगमध्ये काढू शकला कारण त्या गोळ्यांनी त्याला 'तू इथला नाहीस' असं सांगितलं नव्हतं.

'परत जा तुझ्या देशात' याला कुठल्या बॉलने उत्तर द्यायचं? गुगलीने? खेळावर बोललं तर खेळाडू खेळून उत्तर देऊ शकतो, जन्मावर, रंगावर, बापाच्या कामावर बोललं की त्याच्या हातात काही उरत नाही. (आणि डिलिव्हरीचं काम करणाऱ्या बापात लाज कसली, हेही पोराशी एकदा बोला. 'माझे बाबा तर आयटीत आहेत' असं उत्तर त्याने दिलं असेल तर तेही चुकलंच.) कोच म्हणतो कातडी जाड हवी. प्रश्न कातडीच्या जाडीचा कधी होता, रंगाचा होता ना.

म्हणजे तुमच्या पोराला त्या एका सकाळी दोन वेगळ्या गोष्टी ऐकायला लागल्या, पहिला अर्धा तास स्लेजिंग आणि नंतर वंशद्वेष. तक्रार दुसऱ्याची करायची. पहिल्याची पण त्याच कागदावर केलीत तर तुमचं म्हणणं कमजोर पडेल.

'गोऱ्यांकडून दुसरी अपेक्षा काय' हे वाक्य मात्र मागे घ्या. ज्याला काही अपेक्षाच नाही तो तक्रार तरी कशाला करेल? आणि ते खरंही नाही. २०२१च्या सिडनी टेस्टला सिराज आणि बुमराहला प्रेक्षकांतून वंशद्वेषी बोललं गेलं, तर क्रिकेट ऑस्ट्रेलियाने चौकशी करून स्वतः कबूल केलं की हो, झालंय, आणि माफी मागितली. बाहेर काढलेले ६ जण ते नव्हते असंही त्यांच्याच चौकशीत निघालं, म्हणजे खरे बोलणारे सापडलेच नाहीत, ते वेगळं. पण 'असं काही झालंच नाही' असं ते म्हणाले नाहीत. २००७ला आपल्याकडे आधी काय म्हटलं गेलं ते वर लिहिलंच आहे.

आता ते शेवटचं वाक्य. 'समोरच्यांना कळत नाही त्यामुळे प्रॉब्लेम येत नाही.'

जानेवारी २०१९, डर्बन. पाकिस्तानचा कॅप्टन सरफराझ अहमद स्टंपमागून दक्षिण आफ्रिकेच्या फेहलुकवायोला उर्दूत 'अबे काले' करून काहीतरी बोलला, त्याच्या आईचं नाव घेऊन. बॅट्समनला एक अक्षर कळलं नाही. स्टंप माइकला कळलं. कॉमेंटरीत बरोबरच्याने रमीझ राजाला विचारलं की हा काय म्हणतोय, तर रमीझ म्हणाला मोठं वाक्य आहे, भाषांतर अवघड आहे. सरफराझने जाऊन माफी मागितली, तरी ४ मॅचची बंदी बसली. वेस्ट इंडिजच्या डॅरेन सॅमीचं तर अजून वाईट. हैदराबादच्या आयपीएल टीममध्ये त्याला 'कालू' म्हणायचे, त्याला वाटायचं घोड्यासारखा तगडा असं काहीतरी म्हणतायत, तोही हसायचा. २०२०ला अर्थ कळला तेव्हा त्याला सगळ्यात जास्त काय लागलं असेल? माझा अंदाज, ते स्वतःचं हसणं. नंतर एका सहकाऱ्याने त्याच्याशी बोलून प्रेमाने म्हणायचो असं सांगितलं, त्याने ते मान्यही केलं, मोठा माणूस.

प्रेमाने. आपल्याकडे किती घरात 'काळ्या', 'काळू' प्रेमाने चालतं! माझ्या माहेरी एका भावाला चाळिशीपर्यंत तेच नाव होतं, त्याच्या लग्नाच्या पंक्तीत पण कुणीतरी हाक मारली, आणि त्याने कधी तक्रार केली नाही म्हणून आम्ही समजलो त्याला चालतं. २०१७ला आपल्या टीमच्या अभिनव मुकुंदने जाहीर पत्र लिहिलं, लहानपणापासून रंगावरून काय काय ऐकलं ते. टेस्ट खेळलेला माणूस लिहितोय, विचार करा.

आणि हे ऑस्ट्रेलियातून आलेलं नाही हो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्यात पाळवणकर बाळू नावाचा बॉलर होता, चर्मकार घरातला. युरोपियन क्लबात पिच राखायचा, नेटमध्ये साहेबांना बॉलिंग टाकायचा. हिंदूंच्या टीमने त्याला घेतलं कारण जिंकायचं होतं, पण चहाच्या वेळेला त्याला पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात चहा. मैदानावर त्याने टाकलेला बॉल शिवायला चालायचा, त्याचा कप चालायचा नाही. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराच्या वर विकेट काढल्या त्या माणसाने आणि तरी हिंदूंची कॅप्टनशिप त्याला मिळाली नाही, धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाली, १९२३ला. तेव्हा स्लेजिंग हा शब्द कुणी ऐकलाही नव्हता.

त्यामुळे त्या श्रीलंकन पोराचं आधी मिटवा. तक्रारीची अट म्हणून म्हणत नाहीये, तक्रार तुम्ही उद्याही करू शकता. पण समोरच्या क्लबने उलटून विचारलं की तुमची पोरं काय बोलतात, तर तुमच्या पोराला खाली बघावं लागू नये. कसं मिटवायचं ते अजिंक्य रहाणेकडून घ्या. सप्टेंबर २०२२, दुलीप ट्रॉफीची फायनल, यशस्वी जैस्वालने त्याच मॅचमध्ये २६५ ठोकलेले, आणि साउथ झोनच्या बॅट्समनला सारखं डिवचत होता. अंपायरने सांगितलं, कॅप्टन रहाणेने सांगितलं, तरी चालूच. शेवटी रहाणेने आपल्याच टीमच्या हिरोला मैदानाबाहेर पाठवलं, काही ओव्हर १० जणांनी फिल्डिंग केली. तुमच्या टीमच्या कोचला हा किस्सा सांगा, आक्रमकपणा पाहिजे असणाऱ्या लोकांना रहाणे मवाळ वाटतो, पण आपल्याच माणसाला बाहेर काढायला किती हिंमत लागते बघा.

टीममधून काढून घ्यायचं का? १९८१, मेलबर्न, तुमच्याच गावात. गावसकरांना एलबीडब्ल्यू दिलं, ते नाखूश, त्यात ऑस्ट्रेलियाचा बॉलर लिली याने काहीतरी सुनावलं, आणि ते चेतन चौहानला घेऊन निघाले बाहेर. बाउंड्रीपाशी मॅनेजरने चौहानला अडवलं म्हणून मॅच वाचली, आणि तीच मॅच आपण जिंकलो, कपिलने ५ विकेट काढून ऑस्ट्रेलियाला ८३ मध्ये गुंडाळलं. आमच्या सासऱ्यांना तो वॉकआउट म्हणजे शिवाजी महाराज आग्र्याच्या दरबारातून उठले तसा वाटायचा. खुद्द गावसकरांनी नंतर चूक झाली म्हणून सांगितलं, सासरे शेवटपर्यंत मानले नाहीत.

आणि २०२१, सिडनी. सिराजचे वडील जाऊन दोन महिने झाले नव्हते, तो अंत्ययात्रेलाही न जाता तिकडेच थांबलेला. आदल्या दिवशी तक्रार केली होती, तरी दुसऱ्या दिवशी परत. तो बाउंड्रीवरून चालत आत आला, कॅप्टन रहाणेला सांगितलं, रहाणेने अंपायरना. अंपायर म्हणाले पाहिजे तर मैदान सोडू शकता. रहाणे म्हणाला आम्ही खेळायला आलोय, बोलणाऱ्यांना बाहेर काढा. दहा एक मिनिटं खेळ थांबला, मग सुरू झाला. पुढे ब्रिस्बेनला सिराजने ५ विकेट घेतल्या, आणि सिरीज जिंकल्यावर याच रहाणेने ऑस्ट्रेलियाच्या नेथन लायनला शंभराव्या टेस्टबद्दल सह्या केलेली जर्सी दिली.

मला हा रस्ता पटतो. गप्प बसायचं नाही आणि निघूनही जायचं नाही, कारण बाहेर जायला बोलणारे पाहिजेत, ऐकणारा का जाईल?

पण तुमचा मुलगा सिराज नाही, १४ वर्षांचा आहे, आणि तो म्हणतोय सीन करू नका. त्याचं ऐका, पण नीट विचारून ऐका. 'सीन' म्हणजे त्याला कशाची भीती आहे? बहुतेक वेळा पोरांना तक्रारीची भीती नसते, बाप मैदानात शिरून ओरडेल याची असते. शाळेत त्यातलाच कुणी वर्गात असेल. विचारा की पुढच्या वेळी असं झालं तर तुला कुणी काय करायला हवंय. त्याने काही सांगितलं नाही तर दोन दिवसांनी परत विचारा, गाडीत विचारा, समोर बसवून नको, गाडीत पोरं जास्त बोलतात.

तोवर एक काम आजच करा. तारीख, ग्राउंड, साधारण कुठली ओव्हर, जसेच्या तसे इंग्रजी शब्द, कुणी ऐकलं, हे सगळं लिहून ठेवा, आठवड्याने शब्द बदलतात आणि मग तुम्हीच चुकीचे ठरता. मग तुमच्या क्लबच्या ज्युनियर टीमचं बघणाऱ्याला लेखी द्या. तिकडच्या बऱ्याच क्लबांमध्ये मुलांच्या सुरक्षिततेसाठी एक माणूस ठरवून दिलेला असतो, तो कोण ते विचारा, पत्र त्याच्या हातात जाऊ दे. तुमच्या क्लबने त्यांच्या क्लबशी आणि मग लीगशी बोलायचं. तुम्ही त्या हसणाऱ्या अंपायर बापाला मेसेज करायचा नाही, पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर अजिबात टाकायचं नाही. मागणी छोटी ठेवा, म्हणजे पुढच्या मॅचला अंपायर तिसरा कुणीतरी असावा आणि त्या पोरांशी त्यांच्या क्लबने बोलावं. बंदी वगैरे मागितलीत की सगळा वाद शिक्षेवर जातो आणि काय झालं होतं ते राहतं बाजूला. आणि पोराला, खरं तर त्याच्या कॅप्टनला, एक वाक्य शिकवून ठेवा, खेळ थांबवून अंपायरला म्हणायचं, 'हे असं असं बोलला, तुम्ही ऐकलं का?' ओरडून नाही, नुसतं विचारायचं. अंपायरला हसायला मग जरा जड जातं.

पुण्या-मुंबईच्या अकादम्यांमध्ये पोरं पाठवणाऱ्या पालकांनो, तुम्हालाही हेच. फक्त तुमच्याकडे तक्रार बहुतेक उलट्या बाजूने येईल, ईशान्येकडच्या एखाद्या पोराच्या घरून, तेव्हा 'पोरं आहेत हो' म्हणू नका.

मुलाला वानखेडेचं सांगायचं का, तर हो, सांगा, पण तक्रारीचा निकाल लागल्यावर. आधी सांगितलंत तर तो तुमच्यासाठी म्हणून तक्रार मागे घेईल, पोरं असं करतात. बायकोला मात्र आधी सांगा, आजच. पोराला सांगताना 'तेव्हा काळ वेगळा होता' हे वाक्य वगळा. सायमंड्सच्या बॅटिंगचे व्हिडिओ दाखवा आधी, त्याने बघितलेच नसतील, तो काय खेळायचा ते तरी कळू दे. मग सांगा. तो चिडला तर चिडू द्या, लगेच समजूत काढायला जाऊ नका.

आणि तुम्ही विचारलंय की क्लबला लिहिताना २००७चा उल्लेख करू का, प्रामाणिकपणा म्हणून. नको. क्लबला त्याच्याशी काही देणंघेणं नाही.